निष्प्रयत्न कर्म आणि साधकाचा आचार

प्रश्नाचे स्वरूप

जीव कर्मावाचून राहू शकत नाही आणि केलेले कर्म त्याला बांधल्यावाचून राहत नाही. ही अडचण प्रत्येक मोक्षशास्त्रापुढे उभी राहिली आहे. कोणी कर्माचा त्याग सांगितला, कोणी फलाचा त्याग सांगितला, कोणी कर्तेपणाचा त्याग सांगितला. प्राचीन चीन देशातील लाओत्से आणि च्वांगत्से या दोन तत्त्वज्ञांच्या नावे चालत आलेल्या ग्रंथांत याच अडचणीचे एक निराळे उत्तर आढळते. त्या उत्तराचे नाव 'वू-वेइ'. 'वू' म्हणजे नाही आणि 'वेइ' म्हणजे करणे. शब्दशः अर्थ 'न करणे' असा होतो. परंतु शब्दाचा अर्थ तोच सिद्धान्ताचा अर्थ असे मानले, तर फार मोठा घोटाळा होतो.

हा विचार महानुभावीय वाचकांपुढे ठेवण्यास कारण आहे. अलीकडे या ग्रंथांची भाषांतरे आणि त्यांवरील सुलभ पुस्तके सर्वत्र मिळू लागली आहेत. 'जे होते ते होऊ द्यावे, ओढाताण करू नये, प्रवाहाबरोबर जावे' एवढेच त्यांचे सार म्हणून सांगितले जाते. मग सहजच शंका निघते: न करण्याने सर्व साधत असेल, तर अटन, भिक्षा, विजन, नामस्मरण या आचाराची एवढी कसोशी कशाला? नेमनिष्ठेचा आग्रह हीच एक ओढाताण नव्हे काय? शंका वरवरची नाही. तिच्यात साधकाला तारणारा एक अंश आहे आणि बुडविणाराही एक अंश आहे. ते दोन अंश वेगळे करणे हेच येथील प्रयोजन होय.

पाठ आणि प्रकरण

कोणत्याही वचनाचा अर्थ लावण्यापूर्वी ते वचन कोणत्या पाठात आहे आणि कोणत्या प्रसंगी आले आहे, हे पाहावे लागते. पंथीय अभ्यासकाला हे नव्याने सांगण्याचे कारण नाही. म्हाइंभटांनी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, आणि श्रीनागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. केसोबासांनी स्वामींची वचने सूत्ररूपाने एकत्र केली. पुढे कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे 'प्रकरणवश' निर्माण झाले. कारण प्रसंग सुटला की सूत्र मोकाट होते आणि ज्याला जे हवे ते तो त्यातून काढतो. खालशाच्या धाडीत मूळ पोथ्या नष्ट झाल्या व स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध कराव्या लागल्या असे परंपरा सांगते. पाठभेदांचा विचार त्यामुळे पंथाच्या अंगवळणी पडला आहे.

लाओत्सेच्या ग्रंथाची कथाही याहून फार वेगळी नाही. 'ताओ-ते-चिंग' या नावाने तो ओळखला जातो. त्याचे ८१ लहान अध्याय असून चिनी अक्षरांची संख्या सुमारे ५,००० आहे. शतकानुशतके लोकांनी तो मुख्यतः टीकाकारांच्या द्वारे वाचला. त्यांपैकी वांग पी हा टीकाकार इ. स. २२६ मध्ये जन्मला व २४९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, निवर्तला. परंतु त्याने स्वीकारलेला पाठ आणि त्याने लावलेला अर्थ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. १९७३ मध्ये हूनान प्रांतात मावांगत्वेइ येथील एका थडग्यात या ग्रंथाच्या रेशमी वस्त्रावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. ते थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेले होते. त्या प्रतींत प्रचलित ग्रंथाचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर आहे. पुढे १९९३ मध्ये हूपेइ प्रांतात क्वोत्येन येथे बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला आणखी जुना, इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराचा, अंशमात्र पाठ मिळाला.

या शेवटच्या पाठाने एक महत्त्वाची गोष्ट उघड केली. प्रचलित ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात दया आणि धर्मनीती या गुणांचाच त्याग सांगितल्यासारखे दिसते. त्यावरून लाओत्से हा सद्गुणांचा आणि सदाचाराचा विरोधक होता असे पुष्कळांनी ठरविले होते. क्वोत्येनच्या पाठात त्या ठिकाणी दया व धर्मनीती यांची नावे नाहीत; तेथे कृत्रिमपणा, लाभबुद्धी आणि बनाव अशा गोष्टींचा त्याग सांगितला आहे. एका पाठभेदाने आरोपच बदलला. आचाराचा निषेध म्हणून जे वाचले गेले, ते आचारातील दंभाच्या निषेधाच्या जवळ आले. ज्याने प्रकरण न पाहता एकाच वाक्यावर आपला मार्ग उभारला, त्याची काय गत झाली असेल, हे यावरून समजावे.

ह्युएन त्संगाचा विवेक

परक्या शास्त्राचे शब्द आपल्या भाषेत आणताना दुसरा धोका उत्पन्न होतो. त्याचे उत्तम उदाहरण सातव्या शतकात घडले. भारतभर फिरलेला आणि पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग स्वदेशी परतल्यावर कामरूपाच्या भास्करवर्मा राजाने लाओत्सेच्या ग्रंथाविषयी उत्सुकता दाखविली. म्हणून इ. स. ६४७ मध्ये चीनच्या ताइत्सुंग सम्राटाने तो ग्रंथ संस्कृतात करण्याची आज्ञा ह्युएन त्संगाला दिली. साहाय्यासाठी ताओमार्गी पंडित नेमले गेले. पहिल्याच शब्दावर वाद झाला. 'ताओ' या शब्दासाठी संस्कृत शब्द कोणता? ताओमार्गी पंडितांचे म्हणणे, 'बोधि' लिहावा. ह्युएन त्संगाचे म्हणणे, 'ताओ' म्हणजे वाट. म्हणून 'मार्ग' हाच शब्द लिहावा. बोधि म्हणजे जागृती, आणि जागृती व वाट या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. परंतु त्यात एक मोठे तत्त्व आहे. दुसऱ्याच्या शास्त्रातील परमश्रेष्ठ वस्तूला आपल्या शास्त्रातील परमश्रेष्ठ वस्तूचे नाव दिले, की दोन्ही शास्त्रे एकाच वेळी बिघडतात. ह्युएन त्संग बौद्ध होता. आपल्या शास्त्राचा गौरव वाढविणारा शब्द त्याला आयताच मिळत होता. तो त्याने नाकारला. त्या भाषांतराची प्रत आज उपलब्ध नाही, पण वादाचा वृत्तान्त चिनी ग्रंथांत राहिला आहे, आणि अर्थ लावणाऱ्याला तो पुरेसा उपदेश करतो.

हाच विवेक येथे लावला पाहिजे. 'ताओ' म्हणजे परमेश्वर असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. स्वामींच्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परांहून भिन्न आहेत. परमेश्वर नित्यमुक्त आहे, देवता नित्यबद्ध आहेत आणि जीव बद्ध असूनही मुक्तीला योग्य आहे. परमेश्वराला जीवोद्धरणाचे व्यसन आहे. जीवाच्या कळवळ्याने तो अवतार घेतो. लाओत्सेचा ताओ सर्व वस्तूंचे उगमस्थान म्हणून वर्णिलेला आहे. पण तो कोणाचा उद्धार करण्यासाठी येत नाही, कोणाला हाक मारीत नाही. वस्तूंचा आपोआप चालणारा क्रम, एवढ्याच अर्थाने त्याची ओळख पटते. हा भेद लक्षात ठेवूनच पुढे जावे. भेद मान्य केल्याने त्या ग्रंथांचे मोल कमी होत नाही. उलट त्यांच्याकडून जे शिकता येते ते निर्मळपणे शिकता येते.

न करणे म्हणजे काय

आता 'वू-वेइ'चा अर्थ पाहू. च्वांगत्सेच्या ग्रंथात यासंबंधी अनेक दृष्टान्त आहेत. बैल कापणाऱ्या खाटकाचा दृष्टान्त सर्वांत प्रसिद्ध आहे. परंतु तो हिंसेचा असल्याने अहिंसाधर्मी वाचकाला रुचणारा नाही. दृष्टान्त एकदेशी असतो, त्याचा हवा तो अंश घ्यावा, हे दृष्टान्तपाठाच्या वाचकाला माहीत आहे. तरीही त्याच ग्रंथात दुसरा निर्दोष दृष्टान्त असताना तोच घेणे बरे.

छिंग नावाचा एक सुतार होता. त्याने घंटा टांगण्याची लाकडी चौकट अशी घडविली की पाहणाऱ्याला ती मनुष्याने केलेली वाटेना. लू देशाच्या अधिपतीने त्याला विचारले, ही कोणती विद्या? त्याने सांगितले, विद्या काही नाही. काम हाती घेण्यापूर्वी तो उपवास करून मन शांत करतो. तीन दिवसांनी बक्षिसाचा विचार सुटतो. पाच दिवसांनी स्तुती-निंदेचा, कौशल्य-अकौशल्याचा विचार सुटतो. सात दिवसांनी आपल्याला हातपाय आहेत हेही तो विसरतो. मग तो अरण्यात जातो आणि झाडांचा स्वभाव पाहतो. जे झाड योग्य असेल त्यात चौकट आधीच दिसते. मग हात लावतो. तसे झाड दिसले नाही तर सोडून देतो.

या कथेत 'न करणे' कोठे आहे? सुताराने कुऱ्हाड टाकली नाही. उपवास केला, अरण्यात गेला, झाडे पारखली, लाकूड घडविले. त्याने न केलेले काय, तर लाकडावर आपली इच्छा लादणे आणि कामावर आपले नाव लिहिणे. तेवढेच त्याने टाकले. आणि तेवढे टाकण्यासाठी त्याला सात दिवस नियम पाळावा लागला. जे पुस्तक या सात दिवसांचा उल्लेख गाळून केवळ शेवटची सहजता सांगते, ते वाचकाची फसवणूक करते.

हे समजण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. वाशीम जिल्ह्यात पैनगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा कोणताही शेतकरी ते जाणतो. मृगाचा पाऊस जोराने पडला म्हणून लगेच पेरणी होत नाही. चिखलात तिफण घातली तर ढेकळे होतात आणि बी कुजते. फार वाट पाहिली तर ओल उडून जाते. वाफसा येईपर्यंत थांबावे लागते. त्या दिवसांत शेतकरी बांधावर उभा असतो. पाहणाऱ्याला तो रिकामा दिसतो. पण त्याने उन्हाळ्यात वखरणी केलेली असते, बियाणे निवडून ठेवलेले असते, अवजार सज्ज केलेले असते. म्हणूनच त्याचे थांबणे हेही कर्म असते. ज्याने वखरणी केली नाही तोही बांधावर उभा राहू शकतो; दोघांचे उभे राहणे एकसारखे दिसते; परंतु एक वाफशाची वाट पाहतो आणि दुसरा केवळ उभा असतो. उलट पहिल्याच सरीला उतावळेपणाने पेरणारा दुबार पेरणीच्या संकटात सापडतो. चीनमधील मेन्सियस नावाच्या दुसऱ्या एका विचारवंताने सांगितलेली गोष्ट अशीच आहे: एका माणसाने रोपे लवकर वाढावीत म्हणून एकेक रोप वर ओढले आणि सगळे शेत वाळवून टाकले. मेन्सियस हा ताओमार्गी नव्हे. पण जे न निंदता पीक सोडून देतात आणि जे रोप ओढतात, ते दोघेही चुकतात, असा त्याचा अभिप्राय आहे.

पूर्वपक्ष आणि समाधान

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. झाडाला वाढ स्वभावाने आहे, पाण्याला उतार स्वभावाने आहे. मग जीवानेही आपल्या स्वभावाने वागावे, त्याला विधीचे कुंपण कशाला?

याचे उत्तर स्वामींच्या शास्त्रात स्पष्ट आहे. जीवाला अनादि अविद्येचे आवरण आहे. ज्याला जीव 'माझा स्वभाव' म्हणतो, ती त्या आवरणाखाली जन्मोजन्मी पडलेली सवय असते. पाणी उताराकडे जाते यात पाण्याचा दोष नाही. पण जीव विषयाकडे जातो त्यालाही 'सहज' म्हणावे, तर संसरणालाच मुक्ती म्हणण्यासारखे होईल. जीवाने प्रवाहाबरोबर जावे म्हणणाऱ्याने प्रवाह कोठे जातो हे आधी सांगावे. ताओमार्ग आणि महानुभाव शास्त्र यांच्यातील खरा भेद येथे आहे. ताओमार्गाला मूळ स्वभाव शुद्ध आहे असे वाटते, म्हणून तो 'परत जा' असे सांगतो. शास्त्राला जीवाची अविद्या अनादि आहे असे दिसते, म्हणून ते 'परमेश्वराकडे जा' असे सांगते. परत जाण्यासाठी जीवाजवळ कोणतेही शुद्ध घर नाही. त्याचे घर परमेश्वराच्या सन्निधानातच आहे.

मग निष्प्रयत्न कर्म हे केवळ मिथ्या काय? तसेही नव्हे. ते आहे, पण ते प्रथमतः परमेश्वराचे आहे. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वश्रुत आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. स्वामी उठले नाहीत, कुत्र्यांवर धावले नाहीत, पारध्यांशी झगडले नाहीत. ससा निर्भय झाला; कुत्री थबकली; पारधी आले, स्वामींशी बोलले आणि त्यांचे मन पालटले. येथे बळाचा लवलेश नाही आणि तरीही कार्य पूर्ण झाले. बळ न लावता रक्षण, आज्ञा न लादता परिवर्तन, याहून मोठे निष्प्रयत्न कर्म कोणते?

परंतु येथेच साधकाने सावध व्हावे. परमेश्वराची लीळा ही चिंतनासाठी आहे. परमेश्वराची आज्ञा ही आचरणासाठी आहे. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा पाहणाऱ्याला वेड्यासारख्या दिसत. त्यांचे अनुकरण करणारा जीव मात्र खरोखरच वेडा ठरेल. लाओत्सेच्या ग्रंथातील सिद्धपुरुषाची वर्णने वाचून जो आजच तसे वागू लागतो, तोही याच चुकीत पडतो. सिद्धाची सहजता ही फळ आहे. साधकाने तिला साधन मानू नये. फळ पेरून झाड येईल, पण फळ चित्रात काढून झाड येणार नाही.

श्रीकृष्ण चक्रवर्तींनी श्रीमद्भगवद्गीतेत कर्मात अकर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे. याचे मराठीतील एक सुबोध विवेचन विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या कारागृहात केले. साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. बाहेरच्या कर्माला आतल्या विशेष कर्माची, म्हणजे विकर्माची, जोड मिळाली की त्याचे ओझे नाहीसे होऊन अकर्म उत्पन्न होते, असा त्यांचा अर्थ आहे. विनोबांचे तत्त्वज्ञान पंथाचे तत्त्वज्ञान नव्हे. तरी हा क्रम विचार करण्यासारखा आहे. त्यांनी अकर्म आधी ठेवले नाही, शेवटी ठेवले. सुताराच्या सात दिवसांचा क्रमही तोच आहे. महानुभावीय साधकाच्या बाबतीत ते आतले कर्म म्हणजे नामस्मरण आणि आज्ञापालनाची आवड. भिक्षा मागणे हे पायांचे कर्म आहे. स्मरणासहित मागितलेली भिक्षा हे ओझे नसलेले कर्म आहे.

दोन दोष

आचार आणि आचारमालिका या प्रकरणांचा अभ्यास करणाऱ्याला दोन प्रकारचे साधक परिचयाचे असतात. एक म्हणतो, 'करविता परमेश्वर आहे. त्याच्या इच्छेने जे होईल ते होईल.' हे म्हणत म्हणत त्याचे अटन थांबते, भिक्षेऐवजी एका घरचे ताट ठरते, स्मरणाची वेळ गप्पांत जाते. स्वदेश, स्वग्राम आणि आप्तजन यांचा संबंध सोडून निघालेला तो, मठाच्या भिंतीत नवा गाव आणि नवे आप्त जमवितो. विचारले तर तो याला शरणागती म्हणतो. हे वखरणी न करता बांधावर उभे राहणे होय.

दुसरा अतिशय कडक असतो. त्याचा नेम चुकत नाही. परंतु दुसऱ्याचा चुकलेला नेम त्याच्या नजरेतून सुटत नाही. किती कोस चाललो, किती उपवास केले, हे त्याला तोंडपाठ असते. त्याच्या आचारात परमेश्वराहून 'मी'च अधिक वावरतो. हे रोप ओढणे होय. लाओत्सेचा खरा उपदेश या दुसऱ्यासाठी औषध आहे. पहिल्यासाठी तो विष ठरतो. दुर्दैव असे की औषध नेहमी चुकीचा रोगी घेतो. ज्याचा प्रयत्न आधीच सैल आहे त्याला प्रयत्न सोडण्याची वचने गोड लागतात; ज्याला ती हवी आहेत तो त्यांच्याकडे वळत नाही.

म्हणून प्रयत्न सोडणे आणि प्रयत्नाचा अभिमान सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे नीट उमजले पाहिजे. पहिल्याने आचार जातो. दुसऱ्याने आचार निर्मळ होतो. जीवाच्या क्रियेने परमेश्वर विकत मिळत नाही, ही जाणीव अभिमान घालविते. आणि परमेश्वराने आज्ञा दिली आहे, ही जाणीव आळस घालविते. दोन्ही जाणिवा एकत्र नांदल्या तरच साधक सरळ चालतो.

ग्रंथ आणि सांगाती

च्वांगत्सेच्या ग्रंथातील आणखी एक कथा येथे सांगितली पाहिजे. एक राजा पुस्तक वाचीत बसला असता चाके बनविणारा एक म्हातारा त्याला म्हणाला, महाराज वाचता ते मेलेल्यांनी मागे टाकलेला चोथा आहे. राजा रागावला. म्हातारा म्हणाला, चाकाचा आरा घट्टही बसू नये आणि सैलही राहू नये, हे हाताला कळते. ते शब्दांत सांगता येत नाही. मुलालाही ते शिकविता आले नाही. म्हणून सत्तराव्या वर्षीही स्वतःच चाके करावी लागतात.

या कथेत अर्धे सत्य आहे. आचाराचा मर्मभाग केवळ पोथीतून मिळत नाही. तो जाणत्याच्या सहवासात, त्याचे उठणे-बसणे पाहून मिळतो. पंथाने अधिकरणाला आणि सत्संगाला महत्त्व दिले ते याचसाठी. परंतु पोथी चोथा आहे, हे मात्र मान्य करता येत नाही. म्हाताऱ्याच्या मुलाने जर बापाची कृती नीट निरखून टिपून ठेवली असती, तर पुढच्या पिढीला निदान कोठून आरंभ करावा हे कळले असते. म्हाइंभट आणि केसोबास यांनी तेच केले. स्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर ज्यांना सन्निधान राहिले नाही, त्यांच्यासाठी वचनच आधार होते. वचन आणि सहवास यांतील कोणतेही एक सोडले की दुसरे एकांगी होते.

शेवटी साधकाने आपली परीक्षा कशी करावी? भिक्षेला गेले असता झोळी रिकामी राहिली, तर मन खट्टू होते की तसेच स्मरणात राहते? नेम चुकला, तर त्यासाठी 'सहजतेचे' कारण शोधले जाते की प्रायश्चित्त घेऊन पुन्हा उभे राहिले जाते? कोणी स्तुती केली, तर ती आपली वाटते की ज्याने आज्ञा दिली त्याची वाटते? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने एकांतात द्यावीत. वासनिकानेही शेतात, दुकानात, संसारात हेच प्रश्न आपल्यापुरते विचारावेत. वाफसा आणणे शेतकऱ्याच्या हाती नाही. वखरणी त्याच्या हाती आहे. जे हाती आहे ते निष्ठेने करावे, जे हाती नाही ते परमेश्वराच्या दयेवर सोपवावे, आणि या दोहोंची सीमा आळसाने अलीकडे किंवा अहंकाराने पलीकडे सरकवू नये.